ग्वाल्हेरचं लष्कर: एका छावणीचं शहर कसं झालं

ग्वाल्हेर म्हणजे तीन गावांची बांधलेली मोट आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, पूर्वेकडे इंग्रजांच्या छावणीमुळे वाढलेलं मुरार आणि दक्षिणेला लष्कर. महापालिकेच्या लेखी हे सगळं एकच शहर असलं, तरी मुरारचा माणूस आजही ‘लश्कर जा रहे हैं’ असंच म्हणतो. मराठी ग्वाल्हेर पाहायचं असेल, तर ते या लष्करात पाहायला मिळतं. बाडा, सराफा, जनकगंज, दौलतगंज, छत्री बाजार, कंपू हे सगळे लष्करातले भाग. इथं दोनशे वर्षांहून जास्त काळ मराठी बोललं जातंय आणि महाराष्ट्राची हद्द इथून शेकडो किलोमीटर दूर आहे.

महाराष्ट्रातून आलेले पाहुणे इथं आल्यावर एक प्रश्न हमखास विचारतात: तुम्ही लोक इथं आलात कधी? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मुळाशी एक समजूत असते. शहर आधीच होतं, मग मराठी माणसं आली आणि एका कोपऱ्यात वस्ती करून राहिली, अशी ती समजूत. दिल्ली-कोलकात्याच्या महाराष्ट्र मंडळांच्या बाबतीत ती खरी असेल. लष्करच्या बाबतीत ती उलटी आहे. इथं माणसं आधी आली, शहर नंतर त्यांच्याभोवती उभं राहिलं. तेही ठरवून, नकाशा काढून वसवलेलं शहर नव्हे. चालती छावणी एके ठिकाणी थांबली, ती पुन्हा उठलीच नाही आणि तंबूंच्या जागी भिंती आल्या. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली, की इथल्या गल्ल्यांची रचना, इथलं गाणं, बाड्यावरच्या गोरखी या जुन्या वाड्यातला ताजिया आणि हरिकथा यांचा आपसांतला संबंध समजू लागतो.

आता थोडा मागचा इतिहास. महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांच्यामागे गादीवर आलेले दौलतराव वयानं अगदी लहान होते. त्या काळात शिंद्यांची राजधानी उज्जैन म्हणत असले, तरी खरा कारभार छावणीतून चाले. राजा जिथं मुक्काम करील तिथं दरबार, तिथंच खजिना, तिथंच न्याय. १८०३ च्या युद्धात इंग्रजांकडून मार बसला, उत्तरेतला बराच मुलूख गेला. ग्वाल्हेरचा किल्लाही गेला होता, तो १८०५ च्या तहानं परत मिळाला. मग १८१० साली दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेच्या सपाटीवर तळ दिला आणि राजधानी उज्जैनहून इथं आली. राजधानी आली म्हणजे इमारती बांधल्या असं नाही. राहुट्या, तंबू, हत्ती, घोडे, बैल, सराफ, वाणी, गवई, भटजी, फकीर, सगळं एकदम आलं.

ही छावणी आतून कशी होती, हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. १८०९ साली, म्हणजे इथं येण्याच्या आदल्याच वर्षी, दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या (रेसिडेंटच्या) रखवालीच्या तुकडीचा प्रमुख म्हणून ब्रॉटन नावाचा अधिकारी दौलतरावांच्या छावणीबरोबर राजपुतान्यात फिरत होता. त्यानं भावाला लिहिलेल्या पत्रांत या चालत्या गावाचं बारकाईनं वर्णन आहे. मुक्कामाच्या दिवशी बिनीवाला, म्हणजे फौजेच्या आघाडीचा अधिकारी, पुढं जाई. ठरलेल्या जागी तो एक लहानसं पांढरं निशाण रोवी. तिथं महाराजांचे तंबू पडत आणि त्या सगळ्या आवाराला देवडी म्हणत. मग एकेका बाजाराची निशाणं एका सरळ रेषेत, छावणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागत. दुकानांचे तंबू समोरासमोर दोन ओळींत उभे राहत आणि मधे एक लांबच लांब रस्ता तयार होई. ब्रॉटन म्हणतो, हा रस्ता तीन-चार मैलांचाही असे. सरदारांची पथकं या रस्त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, आपापल्या बाजाराच्या निशाणाजवळ उतरत. मुक्काम बदले, पण मांडणी बदलत नसे. नव्या माळावर संध्याकाळी पोचलेल्या माणसालाही आपला सराफ कुठं आणि आपल्या सरदाराचा तंबू कुठं हे न विचारता सापडत असे.

मला या वर्णनातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. आपण छावणी म्हटलं की गोंधळ, धूळ आणि लूट डोळ्यांसमोर आणतो. तेही होतंच. पण इतक्या हजारो माणसांना रोज उठून चालायचं आणि रोज पुन्हा वसायचं, तर शिस्त अंगात मुरलेली असावी लागते. कोणी कुणाच्या शेजारी उतरायचं, बाजाराची पट्टी कुणी वसूल करायची, भांडण कुणाकडं न्यायचं, हे सगळं ठरलेलं होतं. एका अर्थी शहर आधीच तयार होतं. फक्त त्याला जमीन मिळायची होती.

ती जमीन किल्ल्याखाली मिळाली. तंबूंची जागा आधी कच्च्या घरांनी घेतली, मग दगडी वाड्यांनी. पण माणसं आपल्या सरदाराभोवतीच राहिली. म्हणून आज लष्करात फिरताना रस्त्यांची नावं वाचत गेलात, तर एका फौजेची हजेरी वाचल्यासारखं वाटतं. शिंदे की छावनी. निंबालकर की गोठ. फालके बाजार. पाटनकर बाजार. आपटे की पायगा. जिन्सी नाला. खासगी बाजार. मामा का बाजार. यातली काही नावं सरदारांच्या पथकांची, काही खात्यांची आहेत. जिन्सी म्हणजे तोफा, दारूगोळा आणि सरंजाम. पायगा म्हणजे घोड्यांची पागा. खासगी म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा खर्च पाहणारं खातं. कंपू ही कवायती पलटणींची जागा. युरोपीय अधिकाऱ्यांनी शिकवलेल्या शिंद्यांच्या पायदळाला त्या काळी सगळेच कंपू म्हणत. या पलटणींबरोबर आलेलं फिलोस घराणंही इथंच राहिलं. जयविलास राजवाडा १८७४ साली उभा केला, तो याच घराण्यातल्या मायकेल फिलोस यांनी.

हिंदी बोलणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडी ‘निंबालकर की गोठ’ ऐकलं, की साताऱ्याच्या माणसाला पंताचा गोट आठवावा. गोट म्हणजे सरदाराच्या पथकाचा तळ. एकच रचना दोन्हीकडे गेली आहे.

दौलतराव १८२७ मध्ये गेले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे बायजाबाईंनी १८३३ पर्यंत कारभार हाती ठेवला. कागलच्या घाटग्यांची ही मुलगी, घोड्यावर बसणारी आणि पैशाच्या व्यवहारात पक्की. त्यांच्या काळात लष्कर स्थिर झालं, सावकार टिकले. पण फौज अजून फौजच होती आणि दरबारात तिचा धाक होता. १८४३ मध्ये बायजाबाईंचे दत्तक पुत्र जनकोजीराव महाराज वारले, दत्तक जयाजीराव लहान होते, मामासाहेब कदम आणि दादा खासगीवाले या दोन दरबाऱ्यांत सत्तेची ओढाताण सुरू झाली. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया झाल्या आणि दोन्ही शिंद्यांनी गमावल्या. नंतरच्या तहानं फौज नऊ हजारांवर आणली गेली, त्यातलं पायदळ फक्त तीन हजार.

लष्करच्या इतिहासातलं खरं वळण इथं आहे, असं मी मानतो. आतापर्यंत ही वस्ती उद्या उठू शकेल अशी होती. पोट तलवारीवर होतं. आता हजारो शिलेदारांच्या घरच्यांना नवं काहीतरी करणं भाग होतं. कुणी कारकुनीत गेलं, कुणी जमिनीच्या वसुलीत, कुणी पौरोहित्यात, कुणी शिक्षक झालं. मोडी वाचणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या माणसांचं शहर तयार झालं. घरंही बदलली. आतून वाडा तोच: मधे चौक, तुळस, एका बाजूला देवघर, माजघराला लागून स्वयंपाकघर. बाहेरून मात्र इथल्या पाथरवटांचा हात. ग्वाल्हेरचा वालुकाश्म कोरायला चांगला, त्यामुळे दर्शनी भागात कोरीव झरोके, दगडी जाळ्या, सज्जाखाली नक्षीचे घोडे, म्हणजे सज्जा पेलणारे दगडी टेकू. जाळी इतकी बारीक असे, की आतल्या बाईला रस्ता दिसे आणि रस्त्यावरच्या कुणाला ती दिसत नसे. सदाशिव पेठेत लाकूड जे काम करत होतं, ते इथं दगडानं केलं. असे वाडे जनकगंज-दौलतगंजाच्या आतल्या गल्ल्यांत अजून शिल्लक आहेत, पण भावाभावांच्या वाटण्यांनी त्यांचे तुकडे झाले आहेत आणि दर पावसाळ्यात एखादा झरोका कमी होतो. याचं मला फार वाईट वाटतं.

१८५८ चा जून लष्करनं पाहिला तो असा: एक तारखेला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्यापुढं जयाजीरावांची बरीचशी फौज लढलीच नाही, ती त्यांना जाऊन मिळाली. जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले. फूलबागेत पेशवाईचा दरबार भरला. पंधरवडा-तीन आठवड्यांत सगळं संपलं. राणी पडली, तिच्यावर फूलबागेजवळच अग्निसंस्कार झाले. शिंद्यांच्या खजिन्यावर नेमलेले अमरचंद बांठिया यांनी बंडवाल्यांना पैसा दिला म्हणून इंग्रजांनी त्यांना सराफ्यात, भर बाजारात, कडुनिंबाच्या झाडाला फाशी दिलं. एकाच मोहल्ल्यात शिंद्यांचे इमानदार आणि राणीला मानणारे दोघंही शेजारी होते. या दोन निष्ठांचा ताण इथल्या जुन्या घरांत पुढं कैक वर्षं होता आणि आजही या विषयावर लोक जपून बोलतात.

लष्करचं केंद्र म्हणजे महाराज बाडा. मधे शिंदे महाराजांचा पुतळा आणि भोवती टाउन हॉल, डाकघर, बँक, छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट अशा वेगवेगळ्या घडणीच्या इमारती. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मला विचाराल तर बाड्यावर पाहण्याची खरी जागा आहे गोरखी. जयविलास होण्याआधी शिंद्यांचा राहता वाडा इथं होता आणि कुळाचं देवघर अजूनही इथंच आहे. याच आवारात मन्सूरशाह अवलियांचं स्थान आहे. मन्सूरशाह मूळ बीडचे. महादजी त्यांना गुरू मानत. त्यांचा उर्स दरवर्षी होतो आणि शिंदे घराण्यातली माणसं त्याला येतात. मोहरमात महाराजांचा ताजियाही गोरखीत बसत आला आहे.

आजच्या काळात हे ऐकून काहींना नवल वाटतं, काहींना ते राजाचं धोरण वाटतं. धोरणाचा भाग असेलही, पण मूळ त्याहून जुनं आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडे गावोगाव मराठ्यांच्या घरी पंजे आणि ताबूत बसत. हीच माणसं उत्तरेत आली. ब्रॉटनच्या पत्रांतही दौलतरावांच्या छावणीतला मोहरम आहे आणि होळीही आहे, आणि दोन्हींत खुद्द महाराज सामील आहेत. फौजेत मराठा, पुरबिया, पठाण, रोहिला, फिरंगी अशा सगळ्यांना एकाच रस्त्यावर उतरायचं होतं. एकमेकांचे सण पाळणं ही तिथली रोजची रीत होती आणि छावणी थांबल्यावर ती रीतही इथं राहिली. दसऱ्याला कंपूजवळ मांढऱ्यांच्या मातेच्या देवळाशी शमीपूजन होतं. शिंदे घराण्याचा प्रमुख शमीच्या फांदीला तलवार लावतो आणि पानं गळताच सरदार घराण्यांतली मंडळी सोनं लुटायला झेपावतात. सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायची ही चाल, मोहीम संपून पावणेदोनशे वर्षं झाली तरी चालू आहे.

आता गाण्याकडे येतो, कारण महाराष्ट्रावर लष्करचं सगळ्यात मोठं ऋण आहे ते गाण्याचं.

परंपरा सांगते, की लखनौहून नत्थन पीरबख्श ग्वाल्हेरला आले आणि त्यांचे नातू हद्दू, हस्सू आणि नत्थू खाँ शिंद्यांच्या दरबारात वाढले. दरबारात बडे मोहम्मद खाँ नावाचे तानांसाठी गाजलेले गवई होते. ते आपली विद्या कुणाला देत नसत. महाराजांनी हद्दू-हस्सू या पोरांना पडद्याआड बसवून त्यांचं गाणं ऐकवलं आणि पोरांनी ते उचललं, ही गोष्ट गवयांच्या घरांत अजून सांगतात. तिच्यातलं काय घडलेलं आणि काय रचलेलं, हे बाजूला ठेवू. तिच्यातून त्या काळची रीत मात्र कळते: ख्याल ही घराण्याची मालमत्ता होती आणि ती मुलगा-पुतण्या सोडून कुणाला मिळत नसे.

लष्करात ती रीत सैल झाली. हद्दू-हस्सू खाँनी मराठी ब्राह्मणांच्या मुलांना मन लावून शिकवलं. वासुदेवबुवा जोशी, बाबा दीक्षित, धारचे देवजीबुवा ही त्या पहिल्या पिढीतली नावं. असं का झालं असावं? माझ्या मते दोन कारणं आहेत. एक म्हणजे उस्ताद आणि शागीर्द एकाच दरबारचे आश्रित, एकाच वस्तीत राहणारे. पोटाची चिंता राजाच्या वेतनानं मिटलेली, त्यामुळे विद्या गेली तर भाकरी जाईल ही धास्ती कमी. दुसरं कारण कीर्तनाचं. मराठी कीर्तनकाराला ताल हवा, राग हवा, पल्लेदार आवाज हवा. अशा घरातल्या मुलाचा कान लहानपणीच तयार झालेला असे. ग्वाल्हेरचे गवई शंकरराव पंडित यांचे वडील विष्णुपंत हे कीर्तनकारच. त्यांच्या घरी नत्थू खाँचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ येऊन राहिले आणि त्यांनी शंकररावांना तयार केलं. कर्मठ ब्राह्मणाच्या घरी मुसलमान उस्ताद राहतो आणि पोरांना पहाटे उठवून सा लावायला बसवतो, ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे.

एक माणूस तर असा, की त्याच्या एकट्याच्या आयुष्यात सगळं लष्कर मावावं. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला आले. इथं त्यांनी बाबासाहेब आपट्यांकडे घोडा शिकवण्याची विद्या घेतली आणि हद्दू खाँकडे गाणं. पुढं १८८० च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस उभारली, ती भारतीय माणसानं चालवलेली पहिली मोठी सर्कस. हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ, त्या काळचे अलौकिक आणि मनानं हरवलेले गवई, त्यांना छत्र्यांनी वर्षानुवर्षं आपल्याबरोबर सांभाळलं. सर्कशीच्या मुक्कामी लोकांनी रहिमत खाँचं गाणं ऐकलं.

वासुदेवबुवांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ही गायकी घेऊन दक्षिणेत परतले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं मध्यमवर्गाच्या घरात नेलं. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मुलगी गांधर्वची परीक्षा देते, तेव्हा तिच्या शिक्षणाचा धागा लष्करातल्या त्या शिकवण्यांपर्यंत पोचतो. आणि ही गायकी शिकवायला सोयीची होती, हेही महत्त्वाचं. ग्वाल्हेरवाले आधी बंदिश पूर्ण मांडतात, स्थायी आणि अंतरा दोन्ही, शब्द स्वच्छ ठेवून. मग आलाप, बोल, ताना अशी पायरीपायरीनं बढत. राग बहुधा सरळ आणि प्रसिद्ध, लय फार अतिविलंबित नाही, तान सपाट आणि खुल्या गळ्याची. ऐकणाऱ्याला वाट सापडते आणि शिकणाऱ्यालाही.

पुढं शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित यांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावानं संगीत विद्यालय काढलं आणि १९१८ मध्ये माधवराव महाराजांच्या आश्रयानं, संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या देखरेखीखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. गायक राजाभैया पूछवाले तिथले. जिवाजीगंजात सरोदिये हाफिज अली खाँ यांचं घर आहे, तिथं आता सरोद घर नावाचं वाद्यांचं संग्रहालय आहे.

मराठी साहित्यात लष्करचा वाटा यामानानं लहान, पण आहे. भा. रा. तांबे संस्थानचे राजकवी होते आणि १९४१ मध्ये ते इथंच वारले. त्यांच्या कवितेतला गेयपणा या शहरात मुरलेला आहे, असं मला नेहमी वाटतं. १९६१ चं मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला झालं, अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. आणि याच संस्थानातल्या एका मराठी घरातले दोन भाऊ: गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. इथल्या घरांत दोन्ही भाषा एकाच ताटात वाढल्या जातात. सकाळी बाजारातून बेडई-कचोरी येते, दुपारी पोळी-भाजी-वरणभात होतो, आणि मुलं आईशी मराठीत बोलता बोलता भावाशी हिंदीत भांडतात.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. महालेखाकारांच्या कचेरीसारखी काही कार्यालयं ग्वाल्हेरला राहिली, त्यांत बऱ्याच मराठी घरांचा चरितार्थ चालला. पुढच्या पिढ्या इंदूर, पुणे आणि दिल्लीकडे निघाल्या. २०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला, याचा आनंद आहेच. पण ज्या गल्ल्यांत ते गाणं घडलं, तिथल्या वाड्यांची साधी नोंदसुद्धा नीट झालेली नाही, आणि ते काम सरकारपेक्षा आधी आपलं आहे.

लष्कर पाहायचं असेल तर डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या सुमारास या. १९२४ पासून चालत आलेला हा सोहळा शहरातल्या हजिरा भागात तानसेनांच्या समाधीपाशी सुरू होतो आणि बहुतेक पाहुणे थेट संध्याकाळच्या मैफिलीला जातात. तुम्ही पहिल्या दिवशी सकाळी जा. आधी सनई होते. मग लष्करातल्या ढोलीबुवा मठाचे महाराज, नाथ संप्रदायाचे, मराठी कीर्तनाच्या ढंगात पण हिंदीतून हरिकथा सांगतात. त्यांच्यामागून मौलवी मीलाद शरीफ, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची स्तुती, वाचतात आणि समाधीवर चादर चढते. तिथून दुपारी बाड्यावर या, गोरखीच्या दारातून आत डोकावा, सराफ्यातून पायी निघा आणि जनकगंजाकडे जाताना नजर दुकानांच्या पाट्यांवर न ठेवता पहिल्या मजल्याच्या झरोक्यांवर ठेवा.